खुणेचा रकाना

आधीच कबूल करून टाकते, मला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. माप राहतं. एकदा ज्याच्या छातीभोवती टेप फिरवली, त्याचा मुंढा किती खोल, कुठला खांदा उतरलेला, कुठली बाही पाव इंच आखूड लागते, हे मी वीस वर्षांनीही सांगेन. पण तोच माणूस रस्त्यात समोर येऊन हसला की मी नुसती हसते आणि मनात म्हणते, अरे, हा तर खिसा आतून दुहेरी शिवून घेणारा. त्याच्या आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव काही केल्या ओठावर येत नाही.

आमचे हे होते तोवर त्यावाचून काही अडलं नाही. आमच्या शिवणाच्या दुकानात कामाची वाटणीच तशी होती. हे पुढे काउंटरवर, मी मागे मशीनवर. नावं ह्यांच्याकडे, मापं माझ्याकडे. सगळं गाव ह्यांना मास्तर म्हणायचं आणि मास्तर सगळ्या गावाला नावाने ओळखायचे. माणूस दार पुरतं उघडायच्या आत ह्यांच्या तोंडून त्याचं नाव बाहेर पडलेलं असायचं, तेही शेवटचं अक्षर जरा लांबवून, जणू तो आत्ता येणार हे ह्यांना सकाळपासून माहीत होतं. मी मशीनवरून चिडवायचे, ‘‘अहो, नावं काय पाठ करत बसता, काजं करा.’’ हे म्हणायचे, ‘‘काजं तू करतेसच की.’’

दोन वर्षांपूर्वी हे गेले, आणि नावं बरोबर घेऊन गेले.

मग मी पुढे बसायला लागले. गिऱ्हाईक आलं की ‘‘या, या’’ म्हणायचं, फार तर ‘‘बऱ्याच दिवसांनी?’’ म्हणायचं, आणि पावतीवर लिहायची वेळ आली की ‘‘नाव कसं लिहू?’’ असं विचारायचं, जणू स्पेलिंगची अडचण आहे. पहिल्या वेळेला लोक सांभाळून घेत. तिसऱ्या वेळेला त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटत असे. मला ते दिसायचं. मला दिसतं सगळं, फक्त आठवत नाही. वहीत मी नावाच्या जागी खूण लिहायला लागले: ‘पोट आत घेतो’, ‘खिशात किल्ल्या’, ‘डावा खांदा पडलेला’, ‘घाई करते, महिन्याने नेते’. माझ्यासाठी ते पुरेसं होतं. गिऱ्हाइकांना मात्र पुरत नव्हतं. समोर मोठं तयार कपड्यांचं दुकान झालं होतं. तिथल्या पोरी संगणकाच्या पडद्यावर बघून का होईना, पण प्रत्येकाला नावाने हाक मारत. आमची माणसं एकेक करून रस्ता ओलांडत होती.

जागेचा करार महिनाअखेरीस संपत होता आणि मालकाला हो की नाही कळवायचं होतं. मुलाचं मत ठरलेलं. ‘‘आई, किती वर्षं वाकून शिवशील? घरी बस, आराम कर.’’ मुलगा वाईट नाही माझा, पण आराम म्हणजे काय असतं ते त्याला कोणीतरी विचारायला हवं. सकाळी गळ्यात टेप अडकवली नाही तर मला गार वाटतं. घरी बसून मी कोणाचं माप घेणार, उशीचं? दुकान गेलं तर ह्यांचा काउंटरही जाईल, कोपरांनी झिजून गुळगुळीत झालेल्या त्या दोन जागांसकट, हे मी मुलाला बोलले नाही. नुसतं ‘‘बघते’’ म्हटलं.

माझ्या बाजूने उभी राहिली ती सूनबाई. सासू-सुनेचं असं जमलेलं बघून शेजारच्या बायकांच्या पोटात दुखतं, दुखो. ती एका कचेरीत ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या कामावर आहे, आणि तिथे त्यांना मध्यंतरी तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं.

‘‘आई, तिथे एकच गोष्ट घोकून घेतली आमच्याकडून,’’ ती म्हणाली. ‘‘समोरच्याचं नाव तीनदा घ्यायचं. भेटताना एकदा, बोलताना एकदा, निरोप घेताना एकदा. नातं तयार होतं म्हणे.’’

‘‘तीनदा? मला एकदा घेता येईना.’’

‘‘म्हणून तर आपण माझ्या जुन्या लॅपटॉपवर यादी करू, तो काउंटरवर ठेवू. एका रकान्यात नाव, एकात फोन, एकात तुमची खूण. माणूस आत आला की तुम्ही खूण ओळखा, पडद्यावर शेजारीच नाव दिसेल. हळूहळू होईल पाठ.’’

दोन रविवार आम्ही दुपारभर बसलो. ह्यांच्या जुन्या वह्यांतून सूनबाई नावं आणि फोन वाचायची, मी त्या पानावरची मापं बघून माणूस ओळखायचे आणि खूण सांगायचे. छाती बेचाळीस, कंबर चव्वेचाळीस म्हटलं की मी डोळे मिटून सांगे, ‘‘हा औषधांच्या दुकानातला. पोट आत घेतो. मापाला उभा राहिला की श्वासच बंद.’’ सूनबाई हसून टाइप करायची. आम्ही दोघी इतक्या हसलो त्या दोन दुपारी, की मला ह्यांची आठवण येऊन मध्येच रडूही आलं. ती बिचारी चहा करायला उठली, म्हणजे मला डोळे पुसता यावेत.

दोनशे चौदा जणांच्या यादीत एकच माणूस अडला. कंबर चौतीस, उंची मध्यम, खांदे सरळ, दोन्ही पाय सारखे. वर्षातून चारदा एक पँट खालून आखूड करून नेतो, हे पावत्यांवरून कळत होतं. पण चेहरा येईना.

‘‘काय लिहू?’’ सूनबाईने विचारलं.

‘‘काहीच आठवत नाही गं. इतका मापात बसणारा माणूस लक्षात कशाने राहणार? मोकळं सोड, पुढे जा.’’

सोमवारी सकाळी ऑफिसला जाता जाता तिने सगळ्यांना एकदम संदेश पाठवला. मजकूर तिने स्वतः लिहिला होता, तीनदा नाव घालून. नावाच्या जागी यादीतला कुठला रकाना भरायचा, ते पडद्यावर निवडायचं होतं. घाईत तिने नावाच्या ऐवजी खुणेचा निवडला.

मला ते कळलं सव्वादहाला, औषधांच्या दुकानवाला दारात उभा राहिला तेव्हा. त्याने काही न बोलता फोन माझ्या नाकासमोर धरला. मी चष्मा लावून वाचलं:

‘नमस्कार पोट आत घेतो! बऱ्याच दिवसांत भेट नाही. पोट आत घेतो, आमच्या दुकानाला तुमची आठवण येते. लवकर या, आम्ही वाट पाहतोय, पोट आत घेतो.’

दोनशे चौदा! डोळ्यांसमोरून एकेक खूण सरकायला लागली. ‘बाहीला नाक पुसतो’ ही खूण मी कुठल्या मुहूर्तावर लिहिली होती कोण जाणे, आणि तो माणूस चांगला पाच पोरांचा बाप आहे.

‘‘चूक झाली हो,’’ मी म्हटलं. ‘‘ते माझ्यापुरतं लिहिलेलं होतं. मला नावं राहत नाहीत लक्षात.’’

त्याने फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, ‘‘बायकोला दाखवलं मी हे. ती अजून हसतेय घरी. बारा वर्षांत इतकी हसली नव्हती.’’ आणि त्याने एकदम पोट सोडलं, चांगलं चार बोटं पुढे आलं. ‘‘घ्या, आता खरं माप घ्या एकदाचं. सगळ्या पँटी आवळतात मला.’’

माझा जीव जरा भांड्यात पडला. दुपारी टॅक्सीवाला आला, ‘खिशात किल्ल्या’. त्याला राग वगैरे नव्हता. स्टँडवर सगळे त्याला आता त्याच नावाने हाक मारतात, एवढीच त्याची तक्रार, आणि तीही तो दात काढून सांगत होता. मला वाटलं, निभावलं.

निभावलं नव्हतं. शाळेच्या मुख्याध्यापिका संध्याकाळी आल्या. त्यांचा कोट माझ्याकडे कच्च्या टाक्यांवर होता. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, ‘‘लहानपणी फोटो काढताना आई मला नेहमी कडेला उभी करायची, डावी बाजू झाकली जाईल अशी. तुमच्याकडचे कोट घालायला लागल्यापासून मला वाटायचं, आता हे कोणाला दिसत नाही.’’

दिसू नये म्हणूनच तर मी दर वेळी त्या खांद्यात आतून भर घालत होते, तीन पदरी, न सांगता, न विचारता. हे त्यांना सांगावं असं अगदी ओठावर आलं. पण सांगणं म्हणजे पुन्हा त्याच खांद्यावर बोट ठेवणं. मी कोट खुंटीवरून काढून पुढे केला. त्यांनी अर्धवट कोट घडी करून पिशवीत टाकला आणि गेल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

सूनबाईने रात्री जेवताना घास खाली ठेवला. ‘‘माझ्यामुळे झालं सगळं.’’

‘‘रकाना तू निवडलास,’’ मी म्हटलं, ‘‘पण लिहिलं मी. माणसाला काय म्हणायचं ते मला कधी जमलंच नाही. ह्यांना आयुष्यभर ‘अहो’ म्हटलं, बाकीच्यांना खांदा आणि पोट.’’

मुलगा भांडला नाही, हेच जास्त लागलं. गुरुवारी एवढंच म्हणाला, ‘‘शनिवारी मालकाला कळवायचंय, आई.’’ मी म्हटलं, कळव, नको आहे म्हणून. खरंच तसं म्हटलं. थकले होते मी. चार दिवस दाराचा आवाज झाला की मी शिवण थांबवून आधी काचेतून बघायचे, आता कोण, कुठली खूण घेऊन. ज्या दुकानात माणूस आत येताना आपल्यालाच धडकी भरते, ते दुकान चालवून काय करायचं?

शुक्रवारी दुपारी आवराआवर सुरू केली. सूनबाई रजा घेऊन मदतीला आली होती, मागे कापडाचे तुकडे पिशव्यांत भरत होती. दार उघडलं. मध्यम उंचीचे एक गृहस्थ, राखाडी शर्ट, हातात कागदी पिशवी. मी नेहमीप्रमाणे आधी खांदे बघितले. सरळ. पाय बघितले. सारखे. आणि मला कळलं, हा आपला मोकळा सोडलेला.

‘‘या, या,’’ मी म्हटलं.

त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली, फोन काढला आणि संकोचाने माझ्याकडे सरकवला. ‘‘हे तुमच्याकडून आलंय ना?’’

मी वाचलं. ‘नमस्कार’, मग मोकळी जागा आणि उद्गारचिन्ह. ‘बऱ्याच दिवसांत भेट नाही.’ पुन्हा मोकळी जागा, आणि त्यापुढे लटकलेला स्वल्पविराम. ‘आमच्या दुकानाला तुमची आठवण येते.’ शेवटी, ‘आम्ही वाट पाहतोय,’ आणि पुढे काही नाही. एक पूर्णविराम तेवढा.

दोनशे तेरा जणांना मी काही ना काही म्हटलं होतं, चांगलं-वाईट. या एकाला काहीच म्हटलं नव्हतं, तीनदा. मी माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात तेच बोलले.

‘‘तीन ठिकाणी जागा सोडलीय,’’ ते म्हणाले. ‘‘नाव घालायचं राहिलं असणार. मास्तर गेल्यावर तुम्हाला कोण सांगणार? म्हटलं, आपणच जाऊन सांगून यावं.’’

मी आपली सवयीने पिशवी उघडली. आत नवी कोरी पँट, राखाडी. बोलणं सुचत नसलं की मी काम करते. पँट पसरून टेप लावली. लांबी दीड इंच जास्त, नेहमीसारखी. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला प्रश्न पडला, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी माप आणि माणूस एकदम बघत होते.

‘‘एक विचारू का? तुमचं माप अगदी बेताचं आहे. कुठलीही तयार पँट तुम्हाला टाका न घालता बसेल. दुकानदार तुम्हाला दर वेळी लांब कशी देतो? बदलून का नाही मागत?’’

त्यांचे कान लाल झाले. ते काउंटरच्या त्या गुळगुळीत जागेवरून बोट फिरवत राहिले.

‘‘दुकानदार नाही देत. मीच एक नंबर लांब मागून घेतो.’’

‘‘का?’’

‘‘मी वजनकाट्यावर असतो, गावाबाहेर,’’ ते म्हणाले. ‘‘ट्रक येतो, वजन लिहितो, ट्रक जातो. ड्रायव्हर मला काटा म्हणतात. ‘ए काटा, लवकर.’ वाईट अर्थाने नाही, त्यांना घाई असते. घरी मी एकटाच. आई होती तोवर ती हाक मारायची.’’ त्यांनी काउंटरवरचा फोन उचलला. ‘‘एकदा पँट आखूड करायला इथे आलो, तर मास्तरांनी नाव विचारलं. दुसऱ्यांदा आलो तर दारातच हाक मारली, नावाने. मी मागे वळून बघितलं, म्हटलं दुसरं कोणी आहे की काय. नुसतं कसं यायचं हो दुकानात? काही काम तर हवं.’’

मागे पिशव्यांची सळसळ थांबली होती. सूनबाई ऐकत होती.

‘‘पण मास्तर जाऊन दोन वर्षं झाली,’’ मी म्हटलं. ‘‘मी तुम्हाला कधी हाक मारली नाही. तरी तुम्ही येत राहिलात.’’

‘‘वाटायचं, आज नाही तर पुढच्या वेळी,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही सवयीने लक्षात ठेवाल कधीतरी. काम तर छान करता तुम्ही.’’

दोन वर्षं. वर्षाला चार पँटी. आठ वेळा हा माणूस दीड इंच जास्तीचं कापड घेऊन या काउंटरपाशी उभा राहिला, आणि आठ वेळा मी त्याचं कापड कापून, तुरपून, इस्त्री करून परत दिलं. टाका एक चुकला नाही माझा. लाज वाटली मला, फार वाटली. आम्ही यादी केली ती गिऱ्हाईक टिकावं म्हणून. आणि हे गिऱ्हाईक टिकून होतं, आमच्याकडून काही मिळत नसताना.

सूनबाई लगबगीने पुढे आली, तिने पडदा माझ्याकडे वळवला, नाव त्यावर होतंच. मी पडदा परत फिरवला.

‘‘मी विसरले तुमचं नाव,’’ मी त्यांना म्हटलं. ‘‘दर वेळी विसरले. तुमचं तुम्हीच सांगा, मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.’’

त्यांनी सांगितलं. हळू, कोणी ऐकेल की काय अशा आवाजात.

मी ते मोठ्याने म्हटलं. ह्यांच्यासारखं, शेवटचं अक्षर जरा लांबवून. दुकानात ते नाव पूर्वी किती वेळा घुमलं असेल, मी मशीनवर खाली मान घालून बसलेली असताना. ते गृहस्थ हसले नाहीत, रडले नाहीत, नुसते थोडे ताठ उभे राहिले, कोणी मापाला बोलावल्यासारखे.

‘‘पँट मंगळवारी देते,’’ मी म्हटलं, आणि पुन्हा नाव घेतलं. ते दारापाशी पोचले तेव्हा तिसऱ्यांदा घेतलं. प्रशिक्षणवाल्यांनी सांगितलं म्हणून नाही. माझ्याकडे आठ वेळांची बाकी होती.

ते गेल्यावर सूनबाई डोळे पुसत खुर्चीत बसली. ‘‘आई, यांच्या खुणेच्या रकान्यात आता काय लिहू? दीड इंच?’’

‘‘खबरदार,’’ मी म्हटलं. ‘‘आणि तो रकानाच काढून टाक. सगळ्यांचाच.’’

‘‘मग तुम्ही ओळखणार कशा?’’

‘‘विचारीन. सरळ सांगीन, मी विसरले, पुन्हा सांगा. दहा वेळा विचारावं लागलं तर दहा वेळा विचारीन. ‘कसं लिहू’ची नाटकं पुरे झाली.’’ मग मी भरलेल्या पिशव्यांकडे बोट दाखवलं. ‘‘आणि हे परत फडताळात लाव. मुलाला फोन कर. म्हणावं, मालकाला हो सांग.’’

मुलाने तिकडून बरंच काही विचारलं असावं. सूनबाई नुसती ‘‘हो, हो, मी सांगते घरी आल्यावर’’ म्हणत होती. मी गळ्यात टेप अडकवली आणि मशीनवर बसले. दीड इंचाचं काम, दहा मिनिटांचं. मी ते कापड कापलं नाही. आत दुमडून शिवलं, दुसऱ्या कोणाला दिसणार नाही असं.

मंगळवारी ते पँट घेऊन गेले. तीन आठवडे मी रोज सकाळी कुलूप उघडताना ते नाव एकदा म्हणून बघत होते. दोनदा चुकले, आणि पडद्यावर न बघता आठवेपर्यंत दारातच उभी राहिले. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं असेल, म्हातारीला किल्ली सापडत नाही.

चौथ्या आठवड्यात, एका गुरुवारी, मी मशीनवर वाकलेली असताना दाराची कडी वाजली. काचेतून अर्धा खांदा दिसला, सरळ. दार पुरतं उघडायच्या आत मी नावाने हाक मारली.

ते आत आले. त्यांच्या हातात पिशवी नव्हती.